भांगे पैलवान आमच्या घरी जेवले ती जत्रा

मध्यंतरी वरकुट्याची तीन-चार तरुण मुलं बारामतीला माझ्या घरी आली. इस्त्रीचे पांढरे शर्ट, कपाळाला गुलाल. गावच्या चौकात तुळशीराम भांगे पैलवानांचा पुतळा बसतोय, त्यानिमित्त एक अंक काढायचा आहे, म्हणाली. ज्यांनी पैलवानांना जवळून पाहिलं त्यांच्या आठवणी गोळा करताहेत. "बाई, तुमच्या घरी तर पैलवान मुक्कामाला असायचे. तुमच्या आईच्या हातचं जेवायचे. आदरांजली म्हणून अर्धं पान द्या." मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, मी लिहीन, पण तुम्ही छापणार नाही. बाई थट्टा करताहेत असं वाटून ती हसली. मी थट्टा करत नव्हते. मला जे लिहायचं आहे ते अर्ध्या पानात बसत नाही आणि त्यांच्या अंकात तर मुळीच बसत नाही, म्हणून ते इथं लिहिते आहे.

आमचं घर वरकुट्याच्या शिवारात, वस्तीवर. पाटाचं पाणी होतं. पेरूची बाग होती, वांगी-दोडक्याचे वाफे असायचे, आणि तोडणीच्या दिवसांत अंगणभर करंड्या पसरलेल्या. पेरू पिकायला लागले की घराला एक गोड, जरा आंबूस वास यायचा, तो कपड्यांतून जायचा नाही. शाळेत मुली मला त्यावरून चिडवत. पण आमच्या घराचं खरं वैभव बागेत नव्हतं, ते बाहेरच्या सोप्यात होतं. सोप्याच्या तिन्ही भिंतींवर माझ्या वडिलांनी, तात्यांनी, पैलवानांचे फोटो लावले होते. वर्तमानपत्रांतून कापलेले, कॅलेंडरवरचे, काही फोटोग्राफरकडून मुद्दाम काढून आणलेले. शड्डू ठोकणारे, गदा खांद्यावर घेतलेले, मिशीला पीळ देणारे. देव्हाऱ्यातल्या देवांना आई फुलं वाहायची. सोप्यातल्या देवांना तात्या स्वतः हार घालायचे, आणि ते हार देवांच्या हारांपेक्षा मोठे असायचे.

या सगळ्यांच्या मधोमध भांगे पैलवान. बारामतीच्या एका तालमीत ते मेहनत करत. मूळचे आमच्याच बाजूचे, म्हणून तात्यांना ते घरचेच वाटत. आमच्याकडं एक काळीभोर म्हैस होती, दुधाला भारी. तिचं सकाळचं दूध पैलवानांचं, हे मला समजायला लागल्यापासून ठरलेलं. आई पहाटे धार काढायची, दूध तापवायची, तात्या ते किटलीत ओतून सकाळच्या एसटीनं बारामतीला पाठवायचे. कंडक्टरही पैलवानांचा भक्त, तो किटली मांडीवर घेऊन बसायचा म्हणे. आम्हा भावंडांना कोरा चहा. माझा धाकटा भाऊ अशक्त होता, सारखा खोकायचा. आई एकदाच म्हणाली, "अवो, निम्मं तरी ठेवा पोरासाठी." तात्या शांतपणे म्हणाले, "नैवेद्य निम्मा दाखवत्यात व्हय?" एवढंच. तात्या ओरडणारे नव्हते. त्यांची माया आणि त्यांचं कठोरपण दोन्ही एकाच आवाजात यायचं, म्हणून आम्हाला ते ओळखायला वर्षं लागली.

मला दुधाचं काही वाटत नसे, कारण मीही भक्त होते. मुलींनी कुस्ती बघायची नाही असा रिवाज, पण कुस्तीचं ऐकायला कुणाची बंदी नव्हती. तात्या जेवताना डाव सांगायचे, भाकरीच्या तुकड्यांवर दाखवायचे. हा घिस्सा, हा एकचाक, ही ढाक. मला ते गणितापेक्षा लवकर पाठ व्हायचं. भांगे पैलवानांचा एक छोटा फोटो मी भूगोलाच्या पुस्तकात ठेवला होता. आणि त्या वर्षी, पैलवान जत्रेआधी आमच्याकडं राहायला येणार असं कळल्यावर, शिवणाच्या तासाला मी एक रुमाल केला. पांढरं कापड, कडेनं निळी वेल, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं त्यांचं नाव. 'तुळशीराम' मधला 'ळ' मला जमेना, तो तीनदा उसवला. शिवणाच्या बाई म्हणाल्या, कुणासाठी गं एवढं? मी सांगितलं नाही.

पैलवान आले ते जीपमधून, दोन पोऱ्यांसकट. त्यांनी सोप्यातल्या बाजेवर बैठक मारली आणि जत्रा होईपर्यंत घर त्यांचं झालं. त्या दिवसांतला आमच्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. खलबत्त्यात बदाम कुटल्याचा आवाज, चुलीपुढं आईच्या खोकल्याचा, बाहेर अंगणात जोर-बैठकांच्या हुंकारांचा, आणि मधेच "वाढा" अशी हाक. सकाळी थंडाई, मग अंडी, दुपारी मटण, संध्याकाळी पुन्हा दूध आणि तुपात भिजलेल्या चपात्या. आईला भाकरी खायला सवड सापडायची ती दिवस कलल्यावर, आणि ताटात असायचं ते खरवडलेलं. रोज कोणी ना कोणी पैलवानांना बघायला यायचं, त्यांना चहा. तात्या दाराशी उभे राहून सगळ्यांना सांगायचे, "आपल्या घरचं अन्न हाय ते अंगात." पैलवानांनी माझं नाव कधी विचारलं नाही. "ए पोरी, पानी आन." मी आणायचे.

रुमाल मी त्यांना जेवण झाल्यावर दिला. हातात घेऊन त्यांनी त्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मटणाचं तेल लागलेली बोटं पुसली, तोंड पुसलं आणि बाजेखाली टाकून दिला. तिथून तो कुत्र्यानं ओढून नेला. आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा राग साठ-पासष्ट वर्षांच्या बाईनं धरू नये. मी त्याचा राग धरलेला नाही. मोठ्या माणसांच्या लक्षात राहत नाहीत अशा गोष्टी, मी स्वतःची समजूत काढली होती. पुढं झालं ते झालं नसतं तर मी त्या मुलांना अर्धं पान आनंदानं दिलं असतं. पण ते झालं, आणि इथून पुढं मी त्याला अहोजाहो करणार नाही.

जत्रेतली शेवटची कुस्ती भांगेची आणि भिगवणकडच्या नामदेव नावाच्या एका पोराची लागली होती. नामदेव मच्छीमाराचा मुलगा. धरणाच्या फुगवट्यात गाव गेलं, मग बापानं होडी घेतली, असं त्याचं घर. त्याला कोणाच्या म्हशीचं दूध नव्हतं. आमच्या सोप्यात त्याच्यावर हसणं चालायचं. "मासं खाऊन कुठं कुस्ती हुतीया व्हय? निसटंल तेवढा हातातनं." जत्रा कमिटीचे मुख्य म्हणजे माझे चुलते, माणिकराव. जोड त्यांनीच लावली होती, भांगेला सोपी जावी म्हणून. हे मी मागाहून ऐकलं नाही, सोप्यात पाणी देताना तेव्हाच ऐकलं. मुलीसमोर काही बोलायला पुरुष घाबरत नाहीत.

कुस्तीच्या दिवशी दुपारी भांगेनं मटण मागितलं. सकाळी बोकड कापलेलाच होता. आईनं वाढलं. त्यानं पुन्हा मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं. आई पातेलं हातात धरून थांबली आणि म्हणाली, "पैलवान, मैदानाचा दिस हाय. एवढं जड खाऊ नका. रातीला हायच की." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, माझ्या भावाला ताप असताना पेरू खाऊ नको म्हणायची तसा. भांगे तात्यांकडं बघून हसला. "वहिनींचा हात आखडला म्हणायचा." तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी आईच्या हातातून पातेलं घेतलं आणि स्वतः वाढलं, पळीनं नाही, वाटीनं. आई आत गेली.

बायका मैदानात जात नसत. आम्ही मुली सोसायटीच्या गोदामाच्या गच्चीवर चढलो. खाली लाल मातीचा हौद, भोवती माणसांचं कडं, झाडांवरसुद्धा माणसं. हलगी सारखी कडकडत होती. भांगे उतरला तेव्हा फेटे उडाले. नामदेव शेजारी उभा राहिला तर त्याच्या निम्म्यानं दिसत होता. सलामी झाली आणि भांगेनं त्याच्या मानेवर असा रट्टा दिला की आम्हाला गच्चीवर ऐकू आला. लोक हसले. नामदेव नुसता फिरत राहिला, हात देतोय देतोय म्हणायचं आणि मागं सरायचं. भांगे धापा टाकायला लागला. छाती वरखाली होताना वरून दिसत होती. मग नामदेवनं कधी पायाला हात घालून पट काढला ते मला कळलंसुद्धा नाही. तो त्याच्या मागं होता, मग बगलेत होता, आणि मग ढाक. भाकरीच्या तुकड्यांवर पाहिलेली ढाक मी पहिल्यांदा माणसांची पाहिली. भांगे हवेतून गेला आणि त्याची पाठ मातीला लागली. अख्खी पाठ, दोन्ही खांदे. हलगी थांबली.

आणि आता मी जे लिहिते आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भांगे उठून बसला. त्यानं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं पाहिलं, माणसांच्या तोंडांकडं. आणि मग पोट धरलं. पाठ लागेपर्यंत त्याचा हात एकदाही पोटाकडं गेला नव्हता.

मी घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. भांगे सोप्यातल्या बाजेवर आडवा, कोणी त्याच्या पोटावर हिंग चोळतंय. माणिकराव कमरेवर हात ठेवून उभे. आई स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावर पदर. माणिकराव म्हणाले, "वहिनी, दुपारच्या जेवणात काय व्हतं?"

"मटान व्हतं. तुमीबी व्हता की जेवायला."

"आमी आधी जेवलो. पैलवानाचं नंतरचं वाढाप निराळं झालं. आन तुमीच म्हणला म्हणं, खाऊ नका. का म्हणला?"

आईच्या लक्षात आलं तसं ते माझ्याही लक्षात आलं. तिनं काळजीनं म्हटलेलं वाक्य अंगणात पुरावा म्हणून उभं केलं होतं. जिला खाऊ नका म्हणावंसं वाटलं, तिला आत काय आहे ते ठाऊक असणार. गर्दीतून कोणी म्हणालं, भिगवणच्या बाजाराला जाती ही मासळीला, तिकडच्यांची वळख असंल. कोणी म्हणालं, पैलवानाच्या दुधावरनं पहिल्यापासून जळती. बायका कुंपणापलीकडं उभ्या होत्या, त्यांतली एकही आत आली नाही. आईनं ज्यांच्या बाळंतपणात रात्री जागवल्या होत्या, त्याही.

मी म्हणाले, "त्यांनी पडल्यावर पोट धरलं. मी बघितलंय." तात्यांनी माझ्या मुस्काटात मारली. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. मग ते आईकडं वळले आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "काय घातलंस?"

काय घातलंस. घातलंस का, असंही नाही. माणिकरावांचा राग मला आता येत नाही, ते गेले. गावाचा येतो, पण गाव म्हणजे कोण हे बोट दाखवून सांगता येत नाही. हे दोन शब्द मात्र एका माणसाचे होते आणि तो माणूस माझा बाप होता.

आई आत गेली आणि पातेलं घेऊन आली. दुपारचंच, तळाशी मटण उरलेलं. अंगणाच्या मध्यावर तिनं ते ठेवलं, शेजारी भाकऱ्यांची टोपली ठेवली. "हेच वाढलंय. ज्याला खात्री करायची त्यानं खावं." कोणी हललं नाही. पातेल्यावर माशा बसायला लागल्या. तात्या माणिकरावांकडं बघत राहिले. मी पुढं झाले, तर आईनं मला हातानं मागं सारलं. "तू नगं. तू खाल्लंस तर म्हणतील, पोरीला आधीच उतारा दिला."

तेवढ्यात फाटकाशी हालचाल झाली. नामदेव आला होता, बापाबरोबर. अंगावर माती तशीच, कानापाशी रक्त वाळलेलं. कुस्ती रद्द धरायची, गदा द्यायची नाही, असं कमिटीनं ठरवल्याचं त्याला मैदानात कळलं होतं, म्हणून तो सरळ आमच्याकडं आला. फार तर वीस-बाविशीचा असेल. बोलताना अडखळायचा, हे तेव्हा कळलं.

"माझी कुस्ती खोटी म्हणताय तुमी," तो माणिकरावांना म्हणाला.

"खोटी न्हाय म्हणत. पैलवान आजारी व्हता."

"सलामीला आजारी न्हवता. मानंवर हात टाकला तवा न्हवता." मग त्यानं पातेलं पाहिलं, भोवतीची माणसं पाहिली, आईकडं पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. बापानं त्याचा दंड धरला, चल म्हणाला, आपल्याला काय करायचंय. नामदेवनं हात सोडवून घेतला, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाला, "मावशी, मला वाढा. दुपारधरनं उपाशी हाय."

आईनं वाढलं. रस्सा ताटाबाहेर सांडला. तो जेवला. सावकाश, भाकरी चुरून, हाडं नीट चोखून, भुकेला माणूस जेवतो तसा. सगळं अंगण त्याच्या तोंडाकडं बघत होतं. पातेलं पुसून घेतलं त्यानं. हात धुतले आणि बाजेजवळ जाऊन उभा राहिला. "पैलवान, सकाळी मैदानात येतो. माती हायच. मला काय झालं तर तुमची गदा तुमाला. न्हाय झालं तर परत धरा."

भांगे भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्याच्या डोक्यावर भिंतीवर त्याचाच फोटो होता, हारासकट. दिवे लागायच्या आत त्याच्या पोऱ्यांनी त्याला जीपमध्ये घातलं आणि इंदापूरच्या दवाखान्यात नेतो म्हणून जे नेलं, ते तो परत आला नाही. नामदेव सकाळी आला. लंगोट लावून, हौदाच्या काठावर बसून राहिला. ऊन चढेपर्यंत बसला. मी शाळेला जाताना त्याला पाहिलं. पेढ्यांचे स्टॉल मोडत होते, आणि तो एकटा मातीत बोटांनी रेघा ओढत होता. शेवटी कमिटीतल्या एकानं गदा आणून त्याला एसटी स्टँडवर दिली. हलगी नाही, फेटा नाही. भुईमुगाची पोती उचलून द्यावीत तशी दिली.

आईवर काही शाबित झालं नाही, म्हणून कोणी काही मागंही घेतलं नाही. आमच्या भागात आरोप असेच संपतात. लोक बोलायचं थांबतात आणि त्यालाच न्याय म्हणतात. पुढं कितीतरी वर्षं लग्नकार्यात आई स्वयंपाकाला बसली की कोणीतरी गोड बोलून तिच्या हातातून पळी काढून घ्यायचं. "तुमी बसा वहिनी, दमला असाल." भांगे आणखी कुस्त्या जिंकला, मोठा झाला, मंचावर बसायला लागला. जिथं तिथं एक गोष्ट सांगायचा म्हणे, आयुष्यात एकदाच पडलो, तेही दगाफटक्यानं. पुतळ्याखालच्या दगडावर 'अजिंक्य' असं कोरणार आहेत, ती मुलं मला सांगत होती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचं दूध एसटीनं गेलं नाही. तात्यांनी किटली पुढं केली तेव्हा आईनं रेडकू सोडलं होतं आणि उरलेलं दूध माझ्या भावापुढं ठेवलं होतं. ती भांडली नाही. तिनं तात्यांना वाढणं मात्र थांबवलं. स्वयंपाक करायची, झाकून ठेवायची आणि म्हणायची, "झाकलंय. घ्या." पाहुणे असले तरी. तात्या स्वतःच्या हातानं वाढून घेऊन जेवायचे. पुरुषमाणसाला बायको वाढत नाही, हे गावात कुणाला कळू नये म्हणून पुढं पुढं ते दार लोटून जेवायचे. आणि मला तिनं त्याच उन्हाळ्यात मामाकडं बारामतीला शिकायला पाठवलं. तात्यांना विचारलं नाही, सांगितलं. मी मास्तरीण झाले ती त्या ढाकेमुळं, असं मी वर्गात कधी सांगितलं नाही.

नामदेवला मी नामदेवराव म्हणते. दोन वर्षांपूर्वी भिगवणला गेले होते, तिथं पाण्याकाठी विचारत विचारत त्यांचं घर काढलं. गुडघा त्यानंतर लवकरच गेला, पुढं फार कुस्त्या झाल्या नाहीत. मुलाचं मासळीचं हॉटेल आहे, ते दारात खुर्ची टाकून बसतात. मी कोण ते सांगितलं. बराच वेळ त्यांना आठवेना. मग म्हणाले, "व्हय, त्या मावशी. मटनात मीठ लई झालं व्हतं. पर तवा म्हणायचं कसं?" मला हसू आलं आणि मग आवरेनाच. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर ते कावरेबावरे झाले, पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी पाहिलेले सगळ्यात मोठे खेळाडू ते आहेत. त्यांचा पुतळा होणार नाही, आणि झाला तर मला त्याची गरज नाही.

तात्या शेवटी वर्षभर अंथरुणाला होते. वाचा अर्धी गेलेली. मी रजा टाकून गेले होते. आई अंगणात मेथी निवडत होती, मी त्यांच्या उशाशी. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तुटक तुटक सांगितलं, "तिला सांग. तिनं काय घातलं न्हवतं. मला तवाच म्हाईत व्हतं." मी बाहेर आले आणि जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा आत जाईल. आईनं मेथीची काडी मोडली, पानं एकीकडं टाकली.

"मला कशाला सांगतोय," ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय. अंगणात माणसं व्हती तवा सांगायचं व्हतं."